फलटणला निघालेली कैरी

जूनमधल्या एका रविवारी सकाळी अंजनाबाई अंगणात सडा टाकायला बाहेर आल्या आणि बादली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अंगणभर रांगोळी काढलेली होती. एका टोकाला गरगरीत, दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली, चांगली दहा फूट लांबीची एकच कोयरी. आणि त्या कोयरीच्या पोटात गुडघे टेकून त्यांचे यजमान, निवृत्त सुभेदार हिंदुराव, टेप दातात धरून बसले होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं काढलेली ही पहिलीच रांगोळी होती.

“कोयरी झ्याक आलीय,” अंजनाबाई म्हणाल्या. “पन आज सण कुठला?”

हिंदुरावांनी टेप दातातून काढली. “कोयरी न्हाई ही. कॅम्पर हाय.”

“आनि त्यो कवा असतो?”

“सण न्हाई गं! जीपच्या मागं लावून न्यायचं घर. आत गादी, उशी, पंखा. फोमचा गाभा, वरनं फायबर. वजनाला हलकं. थेंबाचा आकार असला की वारा आडत न्हाई.”

“आनि ह्या थेंबात ऱ्हानार कोन?”

“तू,” हिंदुराव म्हणाले आणि पुन्हा रांगोळीची चिमूट सोडू लागले.

का, ते अंजनाबाईंना ठाऊक होतं. अंजनाबाईंना स्वतःच्या घराबाहेर झोप येत नसे. म्हणजे उशिरा येई, कमी येई, असं नव्हे, येतच नसे. सख्ख्या भावाच्या लग्नातून त्या वरातीआधीच टेम्पोत बसून आष्ट्याला परत आल्या होत्या. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात त्या तीन दिवस टक्क जाग्या होत्या. करमेना म्हणून त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची चौकशी केली, ज्यांची झाली होती त्यांची पुन्हा केली. शेवटी पेशंटांनीच मिळून डॉक्टरांना विनंती केली आणि अंजनाबाईंना टाके काढायच्या आधीच घरी सोडण्यात आलं.

हे सगळं गमतीवारी नेता आलं असतं. पण लेक संयोगिता फलटणला दिलेली होती. पाच वर्षं झाली. अंजनाबाई पहाटेच्या एसटीनं निघत, बाराला पोचत, जेवत, लेकीच्या केसांना तेल लावत आणि अडीचच्या गाडीनं परत फिरत. लेकीच्या सासरच्या माणसांनी विहीणबाईंना दिवेलागणीला कधी पाहिलंच नव्हतं. गेल्या दिवाळीत संयोगितानं मुद्दाम नवी चादर आणून मधल्या खोलीत आईसाठी बिछाना घातला. अंजनाबाईंनी चादरीवरून हात फिरवला, “लय मऊ हाय गं,” म्हणाल्या आणि पिशवी उचलली. संयोगितानं चादरीची घडी घातली. ती घडी हिंदुरावांनी पाहिली होती. चोवीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपात काढलेल्या माणसाला एवढंच कळत होतं, की जी गोष्ट चालत नाही ती उघडून बसायचं. बायको घर सोडून झोपत नसेल, तर घरालाच चाकं लावायची.

काम सुरू झालं. लोखंडी पाइपांची चौकट, एका मोडीतल्या मोटारीचा मागचा धुरा, पुढं ओढायला एक दणकट कडी. तेवढं वेल्डिंग हिंदुरावांनी चार दिवसांत उरकलं. मग ते सांगलीला जाऊन मखराच्या सजावटवाल्याकडून थर्माकोलच्या जाड शीटा, दुसऱ्या दुकानातून फायबरची मॅट आणि तिसऱ्या दुकानातून फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचा कॅन घेऊन आले. थर्माकोल कापून, चिकटवून, घासून त्यांनी हुबेहूब थेंब उभा केला. त्यावर मॅट पसरली. ब्रशनं रेझिन चोपडलं. मागं सरून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहिलं आणि चहाला आत गेले.

चहा पिऊन आले तेव्हा कॅम्पर खाली बसत होता. आवाज नाही, धूर नाही. एका बाजूनं खचत, दुसऱ्या बाजूनं आक्रसत, मधे वीतभर भोकं पडत तो थेंब हिंदुरावांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होत होता. पंधरा मिनिटांत चौकटीवर उरलं ते एक चिकट, सुरकुतलेलं पातळ कातडं.

दुसऱ्या दिवशी कुपवाडचा धम्मपाल आला. बागांमधले फायबरचे हत्ती, ससे आणि फळांच्या आकाराच्या कचराकुंड्या बनवणारा हा कारागीर. सांगलीच्या दुकानदारानं त्याचा नंबर दिला होता. त्यानं चौकटीभोवती एक फेरी मारली, कातडं बोटानं टोकरलं आणि नम्रपणे म्हणाला, “सुभेदार, हे रेझिन थर्माकोल खातं.”

“मला दुकानदार बोलला न्हाई.”

“तुमी इचारलं?”

“मी इचारत न्हाई. मी सांगतो.”

“मग रेझिनला सांगायचं हुतं,” धम्मपाल म्हणाला.

हिंदुरावांनी त्याच्याकडं पाहिलं. असा जवान त्यांना चोवीस वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी त्याला तिथल्या तिथं कामावर घेतलं. म्हणजे प्रत्यक्षात, धम्मपालनं त्यांना हाताखाली घेतलं.

सांगलीकडं बेदाण्याचं एक जुनं कोल्ड स्टोरेज पाडायला काढलं होतं. त्याच्या भिंतींतला चार-चार बोटं जाडीचा पिवळा फोम धम्मपालनं मिळवला. हा फोम रेझिनला दाद देत नाही; उन्हाला देत नाही, आवाजालाही देत नाही, असं धम्मपालनं सांगितलं. बेदाण्याचा वास मात्र त्याच्या अंगात वीस वर्षं मुरलेला होता. पहिला आठवडाभर आष्ट्यातल्या यच्चयावत मुंग्या बायकापोरांसह कॅम्परवर येऊन गेल्या.

मग मॅटचे थर, रोलर, पुन्हा थर, आणि शेवटी घासकाम. घासकाम निघालं त्या दिवशी शेजारी सत्यनारायण होता. फायबरची बारीक धूळ वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली आणि तेच कपडे घालून मंडळी पूजेला बसली. इतकं चुळबुळं यजमान जोडपं आपण आजवर पाहिलं नाही, असं गुरुजी नंतर म्हणाले. पण म्हणताना ते स्वतःही पाठ खांबाला घासत होते.

रंगाची वेळ आली तेव्हा धम्मपालकडं कचराकुंड्यांच्या कामातला उरलेला एकच रंग होता. पोपटी. हिंदुरावांना सैन्यातला हिरवा हवा होता. “हिरवाच हाय की,” धम्मपाल म्हणाला, “फकस्त जरा आनंदात हाय.” जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंगणात दहा फुटी, गुळगुळीत, चकचकीत कैरी उभी राहिली. गावानं दुसरं नाव शोधायची तसदी घेतली नाही.

अंजनाबाईंनी कैरीचं दार उघडून आत डोकं घातलं. गादी दाबून पाहिली. दोन्ही बाजूंच्या सरकत्या खिडक्या उघडझाप करून पाहिल्या. मग पदर खोचून अट घातली.

“हितं अंगणात झोपले तर ते घरातच झोपल्यावानी हाय. फलटणला जाताना वाटंत कुटंतरी दुपारची थांबू. मी पाठ टेकीन. डुलकी लागली तर पोरीकडं आठ दिस ऱ्हाईन. न्हाई लागली तर तितनंच माघारी फिरायचं, आनि ह्यात माज्या कोंबड्या.”

“मंजूर,” हिंदुराव म्हणाले. सात महिन्यांची मेहनत, धम्मपालचं नाव आणि लेकीची चादर, सगळं एका डुलकीवर आलं होतं.

रविवारी बाराला जीप निघाली. मागं कैरी डुलत होती. हायवेला लागेपर्यंत सातजणांनी गाड्या बाजूला लावून फोटो काढले आणि एकानं भाव विचारला. कराडच्या अलीकडं, एका वळणावर, जीपनं फट्कन आवाज केला आणि बॉनेटमधून वाफ आली.

“फॅनचा पट्टा तुटला,” हिंदुराव म्हणाले. “कराडला जाऊन आनतो. तू जीपमधी बस. सावली हाय.”

त्यांनी एका दूधवाल्याच्या मोटारसायकलला हात केला. किलोमीटरभर जातायत तोच समोरून आष्ट्याचा लालासाहेब आला. ट्रॅक्टर, मागं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि मडगार्डवर दोन स्पीकर, ज्यांच्यापुढं ट्रॅक्टरचं इंजिन मुकं वाटत होतं. हिंदुरावांनी त्याला थांबवलं.

“लाला! वळणावर माझी कैरी हुबी हाय. येखादा ट्रकवाला ठोकील. कारखान्याच्या गेटबाहेर धाबा हाय न्हवं, तितवर तेवढी ओढून ने. मी मागनं येतो.”

“आनि काकी?” लालासाहेब स्पीकरच्या वर आवाज चढवून ओरडला.

“ती जीपमधी हाय. ती बसूदे तितंच. जीपवर लक्ष पायजे.”

आता इथं जे झालं त्यात दोष कुणाचाच नव्हता. जीपवरची सावली दहा मिनिटांत सरकली. जीप तापली. अंजनाबाईंनी फोन सीटवर ठेवला, चपला हातात घेतल्या, आणि जराशी पाठ टेकू म्हणून कैरीत जाऊन दार ओढून घेतलं. लालासाहेब आला तेव्हा जीप रिकामी होती. काकी झाडाआड गेल्या असतील, अशा समजुतीनं त्यानं तिकडं सभ्यपणे पाठ केली, कैरीची कडी मागच्या ट्रॉलीला पिन घालून अडकवली, आणि निघाला. कडी दणकट होती, धम्मपालचं काम हलकं होतं. इतकं हलकं, की दोन ट्रॉल्या उसामागं आणखी काही येतंय, हे ट्रॅक्टरला जाणवेना. आणि ट्रॅक्टरला जे जाणवत नाही ते लालासाहेबाला जाणवायचं काही कारण नव्हतं. धाबा आला. धाबा गेला. गेटवरच्या वॉचमननं उसाच्या हिरव्या पानांच्या वाढ्यांमागं लपलेली हिरवी कैरी पाहिलीच नाही. ट्रॅक्टर थेट कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात तिथं, रांगेला जाऊन उभा राहिला.

अडीचच्या सुमारास हिंदुराव पट्टा घेऊन परतले. कैरी नव्हती, ते बरोबर होतं. बायकोही नव्हती. त्यांनी फोन लावला. फोन सीटवर वाजला.

समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. हिंदुराव तिकडं गेले. “हितं एक बाई हुत्या. हिरवं लुगडं. बघितल्या का?”

“मगाशी एक बाई सांगली गाडीत चढल्या,” रसवाला म्हणाला. “लुगडं काय बघितलं न्हाई. पन लय घाईत हुत्या.”

घाईत सांगली गाडी पकडणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. सत्तावीस वर्षं ओळखीची होती. म्हणजे डुलकीची वेळसुद्धा न येता परीक्षा संपली होती. ते जीपच्या पायरीवर बसले. तेवढ्यात संयोगिताचा फोन आला.

“बाबा, कुठवर आलात?”

“वाटंत हाय. जरा तापलं हुतं.”

“जीप का आई?”

“…जीप.”

“आईला सांगा, चादर तीच घातलीय. आणि बाबा, नाही राहिली तरी चालेल हं. तुम्ही तिला रागावू नका.”

हिंदुरावांनी फोन खिशात ठेवला. पट्टा बसवायला नेहमी त्यांना सहा मिनिटं लागत. आज वीस लागली. मग, निदान कोंबड्यांचं घर तरी ताब्यात घ्यावं म्हणून ते धाब्यावर गेले. धाब्यावर कैरी नव्हती.

त्यांनी लालासाहेबाला फोन लावला. पलीकडून नुसतं गाणं ऐकू आलं.

“लाला, कैरी कुटं हाय?”

“कुनाची कैरी?”

“माझी रं! धाब्याला सोडायला सांगितली हुती ती!”

गाणं बंद झालं. मग लालासाहेबाचा अगदी बारीक आवाज आला. “सुभेदार, तुमी धाब्याला बसा. च्या घ्या. मी मागं वळून बघतो आनि तुमाला सांगतो.”

हिंदुराव चहा प्यायला थांबले नाहीत.

केनयार्डात लालासाहेबाच्या पुढं साठ ट्रॅक्टर उभे होते. साठ ट्रॅक्टरांवर साठ डेक होते आणि साठ वेगवेगळी गाणी चालू होती. त्यातून वाट काढत हिंदुराव एकसष्ट नंबरला पोचले. उसाच्या मागं उसाच्या रंगाची कैरी उभी होती. तिच्या मागं बासष्ट नंबरचा ट्रॅक्टर नाक लावून होता. लालासाहेब कान पकडून उभा होता.

“काढ ती पिन.”

“पिन काढून नेनार कुटं? फुडं ट्रॉली, मागं ट्रॅक्टर, दोनी बाजूला रांगा. आता वजनकाट्यावरनंच बाहेर निघनार.”

हिंदुरावांनी नुकसान बघावं म्हणून कैरीचं दार उघडलं.

आत अंजनाबाई होत्या. एका कुशीवर, हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. हिंदुरावांनी वाकून ऐकलं. त्या चक्क घोरत होत्या.

हिंदुराव दारातच खाली बसले. लालासाहेबानं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “आयला! काकीला मी चार किलोमीटर—”

“गप,” हिंदुराव कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “हळू बोल. माझी बायको झोपलीय.”

ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात माणसं नातू झाल्याचं सांगतात.

आता एकच काम उरलं होतं. ही झोप मोडू द्यायची नाही. साठ डेकांच्या गदारोळात ती टिकलीच कशी, हे हिंदुरावांना कळेना. त्यांनी आत शिरून दार ओढून घेतलं आणि दोन्ही खिडक्या अलगद सरकवल्या. धम्मपालचा फोम तो. आतला आवाज नळ बंद केल्यासारखा थांबला. आणि अंजनाबाईंच्या कपाळाला आठी पडली. घोरणं अडखळलं. हात गालाखालून निघाला. पापणी हलली.

हिंदुरावांनी घाबरून खिडक्या उघडल्या. साठ गाणी आत शिरली. आठी विरली. अंजनाबाईंनी एक समाधानाचा सुस्कारा टाकून कूस बदलली.

हिंदुरावांनी पुन्हा बंद केल्या. आठी. उघडल्या. घोरणं.

“लाला,” ते खिडकीतून सावकाश म्हणाले, “आपलं आष्ट्यातलं घर कुटल्या रस्त्याला हाय?”

“कारखाना रोडला. का?”

“रातभर तितनं काय जातं?”

लालासाहेबानं विचार केला. “मीच जातो.”

इतकी वर्षं ज्या आवाजाला हिंदुराव शिव्या घालत होते, तो आवाज त्यांच्या बायकोचं अंगाईगीत होता. ती घर सोडून कुठंही गेली तरी तिथं शांतता असे. आणि शांततेत कुणाला झोप येणार?

इतक्यात यार्डाचे सुपरवायझर वीरधवल शिट्टी वाजवत आले. “डेक बंद! सगळे डेक बंद! मोठे सायेब राऊंडला येत्यात!”

एकेक डेक बंद होत गेला. शांतता पसरू लागली तशी हिंदुरावांना ती दिसू लागली. पूर आल्यासारखी ती रांगेरांगेनं कैरीकडं येत होती. आत आठी पडली. हिंदुराव धावत जाऊन वीरधवलांसमोर उभे राहिले.

“सायेब, डेक लावा!”

“तुमी कोन? आनि हे काय हाय?” वीरधवल कैरीकडं बघत म्हणाले. “टोकन कुटं हाय ह्याचं? ऊस हाय का आत?”

“आत माझी बायको हाय.”

वीरधवलांनी आत पाहिलं आणि एक पाऊल मागं सरले. हिंदुरावांनी त्यांना सगळं सांगितलं. दवाखाना सांगितला, एसटी सांगितली, पाच वर्षं सांगितली. चादरीची घडी त्यांनी हातांनी घालून दाखवली. आजूबाजूचे ड्रायव्हर जमा झाले होते. त्यांतले निम्मे लेकीबाळींचे बाप होते. त्यांनी वीरधवलांकडं पाहिलं.

“येक डेक लावा,” वीरधवल शिट्टी खिशात टाकून म्हणाले. “बारीक.”

“येकानं न्हाई भागायचं सायेब.”

“किती पायजेत?”

आतून अंजनाबाईंचा आवाज आला, “कोन हाय गं तिकडं…” अर्ध्या झोपेतला.

“सगळे!” वीरधवल ओरडले. “सगळे लावा! सायबांना मी बगतो!”

साठ डेक एकदम सुरू झाले. मोठे साहेब राउंडला आले तेव्हा सगळी गाणी चालू होती आणि सगळे ड्रायव्हर ओठांवर बोट ठेवून उभे होते. साहेब दुसऱ्या बाजूनं निघून गेले.

रांग सरकत होती. दर वेळी ट्रॅक्टर सुटताना झटका बसू नये म्हणून आठजण कैरीला मागून हात लावून, चालत्या ट्रॉलीबरोबर अलगद ढकलत नेत. काट्यावर वीरधवलांनी स्वतः वजन घेतलं.

“ऊस सोडून जादाचं वजन वजा करावं लागंल. मावशींचं किती धरू?”

“ते माझ्याकडनं लिहून घेऊ नका,” हिंदुराव म्हणाले. “मला अजून संसार करायचा हाय.”

काट्यावरून ट्रॉल्या गव्हाणीकडं निघाल्या. गव्हाण म्हणजे जिथून ऊस कारखान्याच्या पोटात जातो ती जागा. वर क्रेन, खाली साखळ्या, समोर दात. क्रेनवाल्याला वरून उसाच्या ट्रॉल्यांमागं तिसरी हिरवी ट्रॉली दिसली आणि त्यानं सवयीनं तिच्यावर हूक सोडला. हिंदुराव कैरीपुढं उडी मारून उभे राहिले, दोन्ही हात पसरून. हूक त्यांच्या टोपीपासून हातभर थांबला. त्याच क्षणी लालासाहेबानं पिन उपसली. वीस ड्रायव्हरांनी कैरी हातोहात ओढत लिंबाखाली नेली. मागून, कुणी न सांगता, रिकामे झालेले चार ट्रॅक्टर आले आणि डेक चालू ठेवून तिच्याभोवती उभे राहिले.

साडेपाचला कैरीचं दार उघडलं. अंजनाबाई बाहेर आल्या. समोर कारखान्याची चिमणी, चार ट्रॅक्टर, पन्नास गप्प पुरुष आणि डोळे लाल झालेला नवरा. त्यांनी केस सारखे केले.

“किती वाजलं?”

“साडेपाच.”

“म्हंजी मी…?”

“चार तास,” हिंदुराव म्हणाले.

यार्डात अशी आरोळी उठली की चिमणीवरची कबुतरं उडाली. कुणीतरी ट्रॉलीवरचा ऊस उपसून झेंड्यासारखा नाचवला. लालासाहेबानं काकींच्या पायांवर डोकं ठेवलं. कशाबद्दल, ते त्यांना पुढं दोन दिवस कळलं नाही. वीरधवलांनी चहा मागवला. चहा पिता पिता हिंदुरावांनी बायकोला खिडक्यांचा प्रकार सांगितला आणि सांगता सांगता त्यांचाच चेहरा पडला.

“म्हंजे बघ, गादीचा संबंध न्हाई, घराचा न्हाई. नुसता आवाज. सात म्हैने मी उगंच खपलो. कैरीची गरजच न्हवती.”

“खुळं का काय तुमी?” अंजनाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या. “कैरी नसती तर मी कारखान्यात झोपाय आले असते व्हय?”

हिंदुरावांनी हसत आपला उरलेला चहाही तिच्या बशीत ओतला. अंजनाबाईंनी त्यांचा फोन घेतला आणि लेकीला लावला.

“संयोगिता, मी मुक्कामाला येतीया.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “किती दिवस?”

“आठ. पन येक काम कर. तुमच्या शेजारी कुनाचा ट्रॅक्टर हाय का? रातभर दारात चालू ठिवायचा.”

“ट्रॅक्टर? ट्रॅक्टर नाही गं आई. आमची गल्ली एकदम शांत आहे.” मग आवाज खाली घेऊन म्हणाली, “म्हणजे, बाहेरून शांत आहे. आई, तुला कधी सांगितलं नाही. तू कधी रात्री राहिलीच नाहीस. मामंजी घोरतात.”

“कसं?”

“कसं सांगू? पाहुणे आले की आम्ही लाजेनं मधलं दार लावून, त्याला गाद्या टेकवतो. तरी भांडी वाजतात.”

अंजनाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

“दार उघडं ठिव,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री फलटणला, मधल्या खोलीत, मऊ चादरीवर अंजनाबाई साडेनऊला झोपल्या. संयोगिता दोनदा उठून आली, आई खरंच आहे ना हे पाहायला, आणि दुसऱ्यांदा तिथंच, आईच्या पायाशी झोपली. हिंदुराव उशी घेऊन अंगणात कैरीकडं निघाले, तर कैरीच्या दाराशी विहीणबाई, राजेश्वरीबाई, आधीच स्वतःची उशी काखेत घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

“सुभेदार, ह्याच्या खिडक्या पूर्ण बंद होतात म्हणे?”

“व्हय. बाहेरचा आवाज आत येत न्हाई.”

“मग तुम्ही आत घरात झोपा,” त्या म्हणाल्या, आत शिरल्या, आणि एकामागून एक दोन्ही खिडक्या सरकवल्या.

हिंदुरावांनी ती रात्र व्याह्यांच्या शेजारच्या पलंगावर बसून काढली. सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले, कैरी बंदच होती. दहा वाजता घरची सगळी माणसं काळजीनं अंगणात जमली आणि हिंदुरावांनी खिडकीवर टकटक केली. खिडकी दोन बोटं उघडली.

“आज वार कोणता?” आतून राजेश्वरीबाईंनी विचारलं.

“सोमवार.”

“मंगळवारी उठवा,” त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.